बाग आखणाऱ्यांच्या वर्गात पाच पाहुणे

बाग म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? हिरवळ, फुलझाडांचे वाफे, एखादे कारंजे आणि बसायला बाके. अशी बाग आखणाऱ्याला चित्रकला चांगली यावी आणि झाडांची नावे माहीत असावीत, म्हणजे झाले, असा आपला समज असतो. मग बाग आखायला शिकणाऱ्यांच्या वर्गात फळ्यावर पाण्याच्या दाबाची आकृती कशाला? उतरण, घर्षण, अप्रकट उष्मा या तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील गोष्टींचे तेथे काय काम?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण आज एका वेगळ्याच वर्गात जाऊन बसणार आहोत.

इमारत कशी बांधावी हे ठरवणारा तो वास्तुशिल्पी, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण दोन इमारतींच्या मधली जागा, शाळेचे मैदान, नदीकाठ, रस्त्याची कड, टेकडीचा उतार यांची रचना कोणी करायची? या कामाच्या विद्येला इंग्रजीत लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात. मराठीत तिला भूदृश्यरचना म्हणता येईल. न्यूयॉर्क शहरातील प्रसिद्ध सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या जोडीने तयार केला. जागा खडकाळ आणि दलदलीची होती. तेथे झाडे लावण्याआधी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालाव्या लागल्या आणि ते काम जॉर्ज वेअरिंग या अभियंत्याने पाहिले. म्हणजे या विद्येच्या या मोठ्या कामात चित्र काढणारा आणि पाणी जाणणारा असे दोघे लागले! पुढे १९०० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या देशात दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्थेत १९७२ पासून तो पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो आणि आज महाराष्ट्रातही त्याची सोय आहे.

या अभ्यासक्रमाची एक पद्धत मोठी चांगली आहे. नेहमीच्या अध्यापकांखेरीज प्रत्यक्ष काम करणाऱ्या मंडळींना पाहुणे व्याख्याते म्हणून बोलावतात. एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे दोन तास घेण्यासाठी मला बोलावणे आले, तेव्हा बाकीच्या पाहुण्यांची व्याख्यानेही मागच्या बाकावर बसून ऐकण्याची परवानगी मी मागून घेतली. त्यांतील पाच व्याख्यानांचे सार तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला पाहुणा : भूमापक

भूमापकाने आल्याबरोबर एकच प्रश्न विचारला. समोरच्या अंगणात सर्वांत सखल जागा कोणती? मुलांनी पाच ठिकाणे दाखवली. मग त्याने एक लांब पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरले आणि दोन्ही टोके दोन मुलांच्या हाती दिली. नळी कशीही वाकवली तरी दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते. गवंडी हीच नळी वापरून भिंतींवर समपातळीच्या खुणा करतात. अर्ध्या तासात अंगणाच्या चारही कोपऱ्यांची उंची मिळाली आणि खरी सखल जागा निघाली सहावीच! डोळ्यांना उतार नीट कळत नाही, पाण्याला मात्र तो बरोबर कळतो.

भूगोलाच्या पुस्तकातील समोच्च रेषा तुम्ही पाहिल्या आहेत. भूदृश्यरचना करणारा याच रेषा कागदावर हलवतो आणि त्याबरोबर जमिनीवरचे पाणी आपली वाट बदलते. म्हणून ही रेषा जपून ओढायची असते. पाणी किती येणार याचा हिशेब करण्याची एक जुनी पद्धत आहे. आयर्लंडमधील अभियंता मल्व्हनी याने ती १८५१ साली मांडली आणि कुइशलिंग याने १८८९ साली अमेरिकेत ती गटारांच्या आखणीसाठी वापरात आणली. सूत्र सोपे आहे :

वाहणारे पाणी = गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्रफळ

पडलेल्या पाण्याचा किती भाग वाहून जातो, ते गुणांक सांगतो. काँक्रीटसाठी तो सुमारे ०.९ आणि मध्यम उताराच्या हिरवळीसाठी सुमारे ०.२ धरतात.

समजा, तुमच्या शाळेचे आवार २,००० चौरस मीटर आहे आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतो आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तेव्हा तासाभरात १,००,००० लिटर पाणी पडेल. म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. सगळे आवार काँक्रीटचे असेल तर त्यातील २५ लिटर दर सेकंदाला फाटकाकडे धावतील. गवताळ असेल तर साडेपाच लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने मोजायचे तर पहिल्या आवारातून तीन सेकंदांत पाच बादल्या आणि दुसऱ्यातून आठ सेकंदांत तीन बादल्या बाहेर पडतील.

येथे एक सावधगिरीही भूमापकाने सांगितली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा वेळी माती पाण्याने तुडुंब भरते आणि गवताचा गुणांकही वाढत जातो. हिरवळ म्हणजे पुरावरचा रामबाण उपाय नव्हे. पण रोजच्या पावसात मातीने जे पाणी पोटात घेतले, ते गटारात जात नाही आणि विहिरीला मिळते, हे विसरून चालणार नाही. माझ्या माहितीतील एका शाळेने मैदानातील चिखल नको म्हणून सगळे मैदान फरशीबंद केले. पुढच्याच पावसाळ्यात तळमजल्याच्या वर्गांत घोटाभर पाणी आले. चिखल गेला खरा, पण पाण्याला जागा कोठे आहे हे कोणी विचारलेच नव्हते.

दुसरा पाहुणा : स्थापत्य अभियंता

हे गृहस्थ संरक्षक भिंतींचे काम करणारे. उतारावरची माती खाली येऊ नये म्हणून जी भिंत बांधतात ती संरक्षक भिंत. त्यांनी प्रश्न केला : तीन मीटर उंचीच्या भिंतीला मागून किती जोर सहन करावा लागतो?

आपणही हा हिशेब करू. कोरडी माती सर्व बाजूंना पाण्यासारखी ढकलत नाही. तिच्या कणांत घर्षण असते. साध्या वाळूमिश्रित मातीचा आडवा दाब तिच्या उभ्या दाबाच्या साधारण एकतृतीयांश असतो. एक घनमीटर मातीचे वजन १.८ टन धरा. तीन मीटर खोलीवर उभा दाब ५.४ टन, म्हणून आडवा दाब दर चौरस मीटरला १.८ टन. वरच्या कडेला तो शून्य. सरासरी ०.९ टन. याला उंचीने गुणले की भिंतीच्या दर मीटर लांबीवर २.७ टन जोर मिळतो.

आता पाऊस पडला आणि भिंतीमागे वरपर्यंत पाणी तुंबले. काय होईल? आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पाण्यात बुडालेल्या मातीचे कण हलके होतात. घनमीटरमागे त्यांचे परिणामी वजन साधारण एक टनच उरते, त्यामुळे मातीचा जोर २.७ वरून १.५ टनांवर येतो. वा! मग भिंतीला आरामच की! पण थांबा. पाण्याला घर्षणाचा लगाम नाही. त्याचा दाब आडव्या दिशेलाही पुरेपूर लागतो. तळाशी ३ टन, सरासरी १.५ टन, म्हणून एकूण ४.५ टन. दोन्ही मिळून झाले ६ टन. भिंत तीच, माती तीच. केवळ पाणी अडल्यामुळे जोर दुपटीहून अधिक झाला!

म्हणूनच अशा भिंतीत ठरावीक अंतरावर छिद्रे ठेवतात आणि मागे खडीचा थर भरतात. खडीतून पाणी खाली उतरते आणि छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे दिसायला बरी दिसत नाहीत म्हणून कोणी गिलावा करून बुजवली, किंवा त्यांच्या तोंडाशी माती साचू दिली, तर भिंतीवर टनावारी भार वाढतो. कोकणातील गडगे तुम्ही पाहिले असतील. चुनासिमेंट न वापरता दगडावर दगड रचलेला गडगा म्हणजे सगळी फटीच फटी. त्याच्यामागे पाणी तुंबूच शकत नाही. ज्यांनी ते रचले त्यांना दाबाचे सूत्र माहीत नव्हते, पण पाण्याचा स्वभाव पक्का माहीत होता.

ही नुसती गणिताची गोष्ट नव्हे. जुलै २०१९ मध्ये मुंबईत मालाड येथे मुसळधार पावसात मोठी भिंत कोसळली आणि तिच्या पायथ्याच्या वस्तीतील अनेकांचे प्राण गेले. भिंती पडण्याची कारणे प्रत्येक ठिकाणी वेगळी असू शकतात आणि ती तपासूनच सांगावी लागतात. पण ज्याच्या कागदावर भिंतीची रेषा उमटते, त्याने तिच्या खालच्या बाजूला कोण राहते हे आधी पाहावे, असे सांगून अभियंत्यांनी व्याख्यान संपवले. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

जाता जाता त्यांनी गच्चीवरील बागेचाही हिशेब दिला. वापरात असलेल्या साध्या गच्चीवर दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम भार येईल असे धरून ती बांधतात. ओल्या मातीचा केवळ ३० सेंटिमीटरचा थर ५४० किलोग्रॅम भरतो! मुंबईच्या मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला सगळे हँगिंग गार्डन म्हणतात, ते पिण्याच्या पाण्याच्या झाकलेल्या जलाशयावर आहे. तेथील हिरवळीखाली नुसती जमीन नाही, छप्पर आहे. गच्चीवर माती नेण्याआधी खालच्या छपराला विचारावे लागते, ते यासाठी.

तिसरा पाहुणा : उतरण तपासणारे सल्लागार

सार्वजनिक जागा अपंग व्यक्तींना वापरता येतात की नाही, हे तपासण्याचे काम हे गृहस्थ करतात. ते स्वतः चाकांच्या खुर्चीतून आले होते. वर्गाच्या दारात तीन पायऱ्या होत्या, एकूण उंची ४५ सेंटिमीटर. व्याख्यान पायऱ्यांपाशीच सुरू झाले.

पायऱ्यांऐवजी उतरण करायची तर तिचा उतार बारास एक याहून अधिक नसावा, असा संकेत आहे. म्हणजे ४५ सेंटिमीटर चढण्यासाठी ५.४ मीटर लांबीची उतरण हवी. मुलांना हे फार वाटले. जागा वाचवण्यासाठी सहास एक का चालणार नाही?

माणूस आणि खुर्ची मिळून ८४ किलोग्रॅम धरा. घर्षण सोडून दिले तर बारास एक उतारावर खुर्ची ढकलायला सुमारे ७ किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. सहास एक उतारावर १४. वर चढवण्याचे एकूण कार्य दोन्हीकडे सारखेच. पण चढणाऱ्याच्या दंडांना कार्य कळत नाही, त्यांना बल कळते. मुलांनी पाळीपाळीने रिकाम्या खुर्चीत बसून फळ्यांच्या दोन उतरणी चढून पाहिल्या. तीव्र उतरणीवर दोघे अर्ध्यातूनच मागे घसरले. त्यानंतर कोणी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

उतरण हे साधे यंत्र आहे, असे आपण परीक्षेत लिहितो. त्याचे लांबरुंद रूप म्हणजे एखाद्या मुलीला कोणाच्या आधाराविना शाळेत जाता येणे, हे त्या दिवशी मला नव्याने जाणवले.

चौथा पाहुणा : वनस्पतिशास्त्राच्या अध्यापिका

दुपारी पत्र्याच्या छपराखाली उभे राहा आणि मग कडुनिंबाखाली. दोन्हीकडे सावली आहे. मग निंबाखालीच बरे का वाटते? पत्रा उन्हाने तापतो आणि ती उष्णता प्रारणाने तुमच्या डोक्यावर टाकतो. पान मात्र तितके तापत नाही, कारण पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. याला बाष्पोत्सर्जन म्हणतात.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. समजा, एका मोठ्या झाडाने दिवसाच्या दहा तासांत १०० लिटर पाणी हवेत सोडले. तर २४ कोटी ज्यूल उष्णता खर्ची पडली. दहा तासांचे ३६,००० सेकंद. भागाकार केला की सुमारे ६,७०० वॅट येतात. एक किलोवॅटच्या सहा-सात शेगड्या जेवढी उष्णता देतील, तेवढी हे झाड काढून घेते! मात्र हवा आधीच दमट असेल तर हे काम मंदावते. म्हणून कोरड्या हवेच्या विदर्भात त्याचा प्रभाव कोकणापेक्षा अधिक जाणवतो. आणि मुळांना पाणी मिळाले नाही तर रंध्रे मिटतात व हे शीतयंत्र बंद पडते.

मुळे खोल पाताळात जातात, हा आणखी एक समज. बहुतेक झाडांची पाणी शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या हातभर थरात, आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांना पाणी हवे तसाच ऑक्सिजनही हवा. बुंध्याला खेटून काँक्रीट ओतले की झाड आतून गुदमरते. दिल्लीतील झाडांभोवतालचे एक मीटर अंतरातील काँक्रीट काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली द्यावा लागला. झाडाने काय श्वास घ्यायचा, हेही न्यायासनापुढे सांगावे लागते!

पाचवा पाहुणा : माळी

शेवटचा पाहुणा पदवीधर नव्हता. अनेक वर्षे सार्वजनिक बागेत काम केलेले ते एक वयस्क माळीबुवा. त्यांना फळ्यापाशी उभे राहायला संकोच वाटला, म्हणून सगळा वर्गच बागेत गेला. त्यांनी दाखवले की आखलेली सुबक वाट सोडून लोक हिरवळीतून तिरपे जातात आणि तेथे गवत कधीच टिकत नाही. का टिकत नाही? पायांखाली मातीची धुम्मस होते, कणांमधल्या पोकळ्या दबतात, पाणी मुरत नाही आणि हवा खेळत नाही. आधीच्या चार व्याख्यानांतील गोष्टी त्यांनी एका पायवाटेवर दाखवल्या. कितीही पाटी लावली तरी माणूस जवळच्याच वाटेने जाणार. तेव्हा गवत वाचवायचे असेल तर वाट तेथेच करा, हा त्यांचा सल्ला.

झाडाचे आळे बुंध्याला चिकटून करू नका, हेही त्यांनीच सांगितले. पाणी पिणारी मुळे बुंध्यापाशी नसतात, बाहेरच्या घेराशी असतात. आदल्या दिवशी अध्यापिकाबाईंनी आकृती काढून हेच दाखवले होते. मुलांनी एकमेकांकडे पाहिले.

सगळे एकत्र कोठे येते?

पाचही पाहुणे आपापल्या कामात पारंगत. पण भूमापक झाडाबद्दल बोलत नाही आणि माळी भिंतीच्या पायाबद्दल बोलत नाही. या सर्वांचे म्हणणे एका कागदावर आणणे, हेच भूदृश्यरचनेचे खरे काम. मुंबईत धारावीजवळ मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा पूर्वी कचराभूमी होती. १९७७ साली तेथे कचरा टाकणे थांबले आणि १९९४ साली उद्यान खुले झाले. कचऱ्याच्या थरावर माती आणायची, पाणी साठवायचे, तग धरतील अशी झाडे निवडायची आणि माणसांच्या वाटा आखायच्या, हे एकट्यादुकट्याच्या ज्ञानाचे काम नव्हते. आज तेथे शाळांच्या सहली पक्षी आणि फुलपाखरे पाहायला जातात.

करून पाहा

दोन्ही तोंडे उघडी असलेला, साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. डब्याच्या कडा धारदार असतात, म्हणून तो कापण्याचे काम मोठ्यांकडून करून घ्या. मैदानाच्या मधोमध तो पाच सेंटिमीटर जमिनीत रोवा. आत अर्धा लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. आता हाच प्रयोग झाडाखालच्या पालापाचोळ्याच्या भुसभुशीत मातीत, रुळलेल्या पायवाटेवर आणि फुलांच्या वाफ्यात करा. प्रत्येक जागी तीन वेळा मोजून सरासरी काढा. दुसऱ्यांदा ओतलेले पाणी पहिल्यापेक्षा सावकाश मुरते का, तेही पाहा आणि तसे का होते याचा विचार करा. मग शाळेच्या आवाराचा नकाशा काढून त्यावर हे आकडे लिहा. पाणी कोठे मुरते, कोठून धावते आणि कोठे तुंबते, हे दाखवणारा असा नकाशा पाहून आवार फरशीबंद करावे की नाही, याचा निर्णय मुख्याध्यापकांनाही अधिक चांगला घेता येईल.

शिक्षकांनाही एक सूचना कराविशी वाटते. पाहुण्यांची व्याख्याने ही काही महाविद्यालयांचीच मिरासदारी नाही. तुमच्या गावात पाण्याची नळी घेऊन फिरणारा गवंडी आहे, तालुक्याच्या भूमापन कचेरीत भूमापक आहे, रोपवाटिकेत माळी आहे, आणि डोंगराला ताली घालणारा शेतकरी तर घरोघरी आहे. महिन्यातून एक तास त्यांतील एकाला वर्गात बोलवा. त्यांना व्याख्यान द्यायला सांगू नका. तुमचे काम कसे करता ते दाखवा, एवढेच म्हणा. ते दाखवत असताना कोणता नियम वापरला जात आहे, हे मुलांनी वहीत लिहावे. पाहुणे गेल्यावर त्या नोंदी पुस्तकातील धड्याशी ताडून पाहाव्यात. पहिल्या तासाला गवंडी बोलवा आणि त्याची नळी मुलांच्या हातात द्या. पुढचे काम पाणी करील.